पाचवीचा कागद

सोहारच्या बंदर-रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे एसीचं पाणी दिवसभर बादलीत ठिबकतं,
मी विम्याचे दावे तपासते.
बाळंतपणं माझ्याकडे.
पोट कापून : कोड आहे, पूर्ण भरपाई.
कळा आणून, भूल देऊन, चिमटा लावून :
सगळ्याला आकडा आहे,
बाळाच्या पहिल्या टोपीलासुद्धा.

सुईणीला नाही.

हुर्मत खाला मूळची दाभोळची.
नवरा गलबतावर होता. तो गेला, ती राहिली.
रत्नागिरीचा दाखला आणि इथला परवाना
एकाच प्लास्टिकच्या पिशवीत,
त्याच पिशवीत कात्री, दोरा,
आणि ठोके ऐकायचं लाकडी नळकांडं,
कानाशी लागून लागून गुळगुळीत झालेलं.
किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या बाया तिला दाया म्हणतात,
आम्ही दाई.
दोन्ही शब्द शेजारी ठेवले की दया ऐकू येते,
पण त्यावर कोड मिळत नाही.
मिळतो खजुराचा डबा, सुकी मासळी,
कधी परतीच्या पिकअपचं भाडं.

माझ्या वेळी ती सात वेळा घरी आली.
दवाखान्यात दर वेळी नवा चेहरा, सहा मिनिटं.
तिने विचारलं, झोप लागते का?
आई जाऊन किती वर्षं झाली?
भात कोण टाकतं?
सुईणीपासून पोट लपत नाही म्हणतात.
माझं तर रडूही लपलं नाही.
मुलगी पहाटे झाली,
पलंग आणि कपाट यांच्या मधल्या जागेत,
जमिनीवर गादी टाकून.
हरेश्वर क्रेनवरची रात्रपाळी संपवून आला
तेव्हा खाला चहा गाळत होती.

साहेब, मी इस्पितळाच्या विरुद्ध नाही.
खालच्या मजल्यावरच्या नसीमच्या वेळी
हिनेच नळकांडं लावलं,
ऐकलं, पुन्हा ऐकलं,
आणि म्हणाली, "उठ. गाडी."
नसीम जगली. मुलगाही.
बिल आलं, मीच मंजूर केलं,
थिएटर, रक्त, रिकव्हरी, चादरी.
त्यात "उठ. गाडी." या दोन शब्दांचे
शून्य बैसा.

पाचव्या रात्री सटवाई येते,
तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात.
घरात कोरा कागद नव्हता.
मी दाव्याचा फॉर्म ठेवला.
खाला लांब बसून हसली,
"लिव्हू दे तिला, तुमच्यापेक्षा तिची सही चालते."
सकाळी फॉर्म कोराच होता.
कोपऱ्यात समईच्या तेलाचा डाग
आणि हळदीचं एक बोट.

तोच हरेश्वरने भरून टाकला.
रजा संपवून मी कामावर गेले
तर तो माझ्याच ट्रेमध्ये, डागासकट.
दावेदार : कालिंदी परब.
तपासनीस : कालिंदी परब.
सेवा देणारी व्यक्ती मान्य यादीत नाही.
मी नाकारला. हात कापला नाही, हे लिहून ठेवते,
इतकी सवय झाली होती.

दुपारी दूध भरून आलं, ब्लाऊज भिजला,
बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून
मी हिशेब केला, मला तोच येतो :
सात भेटी, एक पहाट, पाच दिवसांची शेक-मालीश,
सगळं मिळून एका सीझरच्या खोलीभाड्याइतकंही नाही.
पैसे वाचतात म्हणून तरी मंजूर करा.
नाहीतर यासाठी करा की
वाळूतल्या ज्या घरापर्यंत ॲम्ब्युलन्स पोहोचत नाही
तिथपर्यंत ती चपला हातात घेऊन जाते.
फुकट कुठवर जाईल? गुडघे दुखतात तिचे.

हा अर्ज मी संगणकावरच करते आहे.
"इतर" असा एक रकाना आहे, अगदी तळाशी.
त्यात मी माझ्या लिपीत सुईण लिहिलं.
यंत्राला ती अक्षरं येत नाहीत,
पडद्यावर चार रिकामे चौकोन उमटले.

तसेच पाठवते आहे.